पूरक आवाज

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी अण्णांनी तिसऱ्यांदा सांगितलं, की मागचं दार उघडलंय.

"मागचं दार उघडलंय, प्रणिता. बाकी सगळं ठीक आहे. पाऊस आहे, पण काळजीचं कारण नाही. ओव्हर."

आवाज नेहमीसारखा होता. खर्जातला, शांत, प्रत्येक शब्द सुटा. प्रणिताचे वडील हणमंतराव शेडगे चौतीस वर्षं पोलिसांच्या बिनतारी विभागात होते, आणि दंगल असो की पूर, त्यांच्या आवाजाची पट्टी कधी बदलली नाही असं त्यांचे जुने सहकारी अजून सांगत.

"मग लावून घ्या ना अण्णा," प्रणिता संचाचं बटण दाबून म्हणाली. "कडी बसत नसेल तर पाट टेकवून ठेवा. ओव्हर."

तालुक्याच्या तंत्रनिकेतनात ती इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळत असे. पावसाचा चौथा दिवस होता, कॉलेज बंद होतं, आणि घरी जेवणाच्या टेबलावर ती मुलांच्या जर्नलांवर सह्या करत बसली होती. तिने पुढचं जर्नल उघडलं, सही केली, आणि तिचा हात तिथेच थांबला.

अण्णांच्या घराला मागचं दार नव्हतं.

कोळेखिंडीतलं ते घर उतार खोदून बसवलेलं होतं. पुढे ओसरी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्यानंतर चिरेबंदी भिंत. भिंतीपलीकडे चार हातांवर डोंगर चढायला लागायचा. तिथे कधी खिडकीसुद्धा नव्हती.

"अण्णा, कुठलं दार? परत सांगा. ओव्हर."

पाच-सहा सेकंद गेले.

"मागचं दार उघडलंय. बाकी सगळं ठीक आहे."

तोच स्वर, तेच शब्द, मधला श्वाससुद्धा तसाच. माणूस एकच वाक्य चार वेळा म्हणाला, तर चौथ्यांदा थोडा तरी वैतागतो.

तिने जर्नलं बाजूला सारली आणि लॅपटॉप ओढला.

*

नऊ महिन्यांपूर्वी अण्णांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. हात-पाय वाचले, वाचा गेली. डॉक्टरांनी त्याला वाचाघात म्हटलं. काय बोलायचं ते माणसाला नीट माहीत असतं. शब्द मात्र सापडत नाही, अर्धाच येतो, किंवा मागितला एक आणि हाती आला दुसराच, असं होतं. अण्णा पाण्याला 'पान' म्हणत, चष्म्याला 'चमचा', आणि चुकलंय हे त्यांचं त्यांनाच कळून मूठ आवळत. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी रोजचे व्यायाम दिले होते. सुधारणा होईल, पण हळूहळू, असं त्या म्हणाल्या होत्या.

पण अण्णांना वेळ कुठे होता! निवृत्तीनंतर त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला होता आणि अकरा वर्षं रोज सकाळी साडेसातला ते 'नेट' चालवत होते. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी रेडिओवर हजेरी लावायची, हवापाण्याची खबर द्यायची, कुणाची अडचण असेल तर ऐकायची. कोल्हापूरपासून कॅनडापर्यंतचे तीस-चाळीस लोक त्यावर येत. तालुक्याचा नियंत्रण कक्षही पावसाळ्यात या लोकांवर अवलंबून असायचा, कारण मोबाइलचे मनोरे बंद पडले तरी हे बोलत राहायचे.

ते शक्य व्हायचं हॉटस्पॉटमुळे. हा हॉटस्पॉट म्हणजे मोबाइलचं इंटरनेट वाटून देणारा नव्हे. काड्यापेटीहून थोडी मोठी अशी एक सर्किटची पाटी, तिला जोडलेली एक अँटेना. हातातल्या छोट्या संचातून आलेलं बोलणं ती आकड्यांच्या रूपात पकडते आणि इंटरनेटवरून एका ठरलेल्या कट्ट्यावर नेऊन सोडते. त्या कट्ट्याला जोडलेला जो कुणी असेल, तो आपापल्या हॉटस्पॉटवरून ते ऐकतो. कोळेखिंडीच्या शाळेवर उपग्रहाच्या इंटरनेटची थाळी बसली, तेव्हा अण्णांनी आपला हॉटस्पॉट तिथेच ठेवला आणि अँटेना शाळेच्या छपरावर चढवली. शाळा ओढ्याच्या पलीकडे, डोंगराच्या दुसऱ्या सोंडेवर. तिथून वाडीत कुठेही उभं राहिलं, तरी हातातला संच चालायचा.

आता या डिजिटल रेडिओत आवाज असा जातच नाही. आवाजाचं वर्णन जातं. एका सेकंदाचे पन्नास तुकडे करायचे, आणि स्वर किती उंच, घसा कंप पावतोय की नुसतीच हवा सुटतेय, तोंडाचा आकार कसा, एवढं प्रत्येक तुकड्यापुरतं आकड्यांत लिहून पाठवायचं. पलीकडचं यंत्र ते वाचून आवाज नव्याने घडवतं. वाटेत तुकडे हरवले, की बोलणं तुटतं. दोन-तीन वर्षांमागे काही तरुण संशोधकांनी यावर 'पूरक' नावाची आज्ञावली काढली. ती आधी माणसाचं जुनं बोलणं तासन् तास ऐकून घेते. मग जिथे तुकडा हरवेल तिथे तो माणूस काय बोलला असता याचा अंदाज बांधते आणि ती फट त्याच्याच आवाजात भरते. इतकी बेमालूम, की ऐकणाऱ्याला सांधा सापडत नाही.

प्रणिताच्या मनात आलं ते याच्या एक पाऊल पुढचं होतं. सिग्नल हरवल्याने बोलण्यात फट पडते आणि मेंदूला इजा झाल्यानेही पडते. यंत्राला दोन्ही सारख्याच.

तिने अकरा वर्षांच्या नेटची मुद्रणं पूरकला ऐकवली आणि ती आज्ञावली अण्णांच्या हॉटस्पॉटमध्ये घातली. पहिल्या दिवशी अण्णा ओसरीवर बसून संचात म्हणाले, "नम… स… शु… शु…" आणि स्वयंपाकघरात धरलेल्या प्रणिताच्या संचातून खणखणीत आवाज आला, "नमस्कार. शुभ सकाळ. मी हणमंतराव शेडगे, कोळेखिंड." ती धावत बाहेर आली. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं आणि खूप वेळ लावून दोनच शब्द म्हणाले. "नको… सांगू."

तिने कुणालाही सांगितलं नाही. आजारातून उठलेले अण्णा महिनाभराने नेटवर परतले, तेव्हा सगळ्यांनी जल्लोष केला. इक्बाल मुजावर, अण्णांचे तीस वर्षांचे दोस्त, म्हणाले, "शेडगे, आवाज तर आणखी तरुण झालाय की तुमचा!"

प्रणितालाही ते सोयीचं होऊ लागलं. ती कोळेखिंडीला गेली, की समोरासमोर दोघं गप्प बसत. अण्णा एखादा शब्द शोधत राहत, तिला बघवेना म्हणून ती तो पूर्ण करून टाकी, ते मान फिरवत. मग अण्णा उठून ओसरीवर जात, संच उचलत, आणि एकाच घरातली दोन माणसं रेडिओवर बोलत. पुढे पुढे ती महिन्या-दीड महिन्याने जाऊ लागली. रेडिओवर तर रोज भेट होतच होती.

*

शाळेतल्या हॉटस्पॉटमध्ये घरून शिरायला तिला दोन मिनिटं लागली. शाळेची बॅटरी एकतीस टक्क्यांवर आली होती. चार दिवस ऊन नव्हतं.

पूरक आपल्या कामाची नोंद ठेवत असे. प्रत्येक वाक्यापुढे दोन रकाने: 'मूळ' आणि 'पूरक'. माणूस स्वतः किती बोलला आणि यंत्राने किती भरलं, शंभरात. ही यादी तिने आठ महिन्यांत कधी उघडली नव्हती.

पहिल्या आठवड्यातली वाक्यं मूळ चाळीस, पूरक साठ अशी होती. नंतर मूळचा आकडा खाली येत गेला. तीस, बावीस, पंधरा. अण्णांनी व्यायाम कधी सोडले ते तिला त्या रकान्यातच दिसलं. अर्ध्या शब्दावर वाक्य पुरं होतंय म्हटल्यावर बाकीच्या शब्दांसाठी कोण झगडेल?

काल रात्री निरोप घेताना अण्णा म्हणाले होते, "पोरी, वेळेवर जेवत जा." त्यापुढे मूळच्या रकान्यात शून्य होतं. त्यांनी नुसतं बटण दाबून श्वास सोडला होता.

प्रणिता आजच्या नोंदींवर आली. 'मागचं दार उघडलंय. बाकी सगळं ठीक आहे.' मूळ नऊ, पूरक एक्क्याण्णव. शेजारी मूळ आवाजाची खूण होती. तिने ती दाबली.

"माग… डों… दा… दार… नाय! नाय! उघ… डों… डों…"

ती ओरड होती. आधी छातीतून, मग घशातून. हाच आवाज यंत्राने चार वेळा गाळून, धुऊन, घडी घालून तिच्याकडे पाठवला होता. 'डों'ने सुरू होऊन 'दार'वर घसरलेला शब्द त्याला ओळखीचा वाटला नव्हता. 'दार' ओळखीचा होता. आणि अकरा वर्षांत हणमंतराव शेडगे कधी घाबरून बोललेच नव्हते, तर यंत्राला त्यांची भीती कुठून माहीत असणार?

तिने पूरक बंद केलं आणि संच उचलला.

"अण्णा, मी मशीन बंद केलंय. आता तुम्ही जे बोलाल तेच मला ऐकू येईल. डोंगर म्हणताय ना? ओव्हर."

उत्तरात आधी नुसता श्वास आला. मग, "हो… हो… डों… गर. उघ… उघड. लाल… पान… पान नाय… पाणी. लाल. झा… वाक…"

डोंगर उघडलाय. लाल पाणी येतंय. झाडं वाकलीत.

डोंगराला वर भेग पडली, की मुरलेलं पाणी आतली माती घेऊन खालच्या झऱ्यातून गढूळ होऊन बाहेर येतं. माती सरकायला लागली, की सरळ झाडं कलतात. हे शाळेतल्या पोरालाही शिकवतात. वाडीत सव्वीस घरं होती.

*

इतका वेळ ती आणि अण्णा दोघांपुरत्या खासगी कट्ट्यावर बोलत होते; आता तिने शाळेचा हॉटस्पॉट आणि आपला संच नेटच्या कट्ट्यावर वळवला आणि बटण दाबलं.

"मुजावर काका, मी प्रणिता शेडगे. तातडीचा निरोप. कोळेखिंडीच्या वाडीमागे डोंगराला भेग पडलीय. वाडी ताबडतोब शाळेत हलवायला पाहिजे. ओव्हर."

मुजावर त्या दिवशी नियंत्रण कक्षातच बसले होते, नायब तहसीलदार कदमांच्या शेजारच्या खुर्चीवर. मागे फोनांचा कल्लोळ ऐकू येत होता.

"प्रणिता, कुणी पाहिली भेग? ओव्हर."

"अण्णांनी."

"अगं, पावणेतीनला शेडग्यांचाच निरोप मी स्वतः लिहून घेतलाय. 'सगळं ठीक, मदतीची गरज नाही.' माझ्यासमोर नोंदवही आहे."

मग दुसराच, घाईचा आवाज आला. "मी कदम बोलतोय. मॅडम, माझ्याकडे एकच पथक उरलंय. खाली नदीकाठच्या गावाला ते हवंय, तिथे लोक माळ्यावर चढून बसलेत. कोळेखिंडीच्या गुरुजींकडे पण संच आहे, त्यांनी काही कळवलेलं नाही. तुम्ही स्वतः तिथे आहात का?"

"नाही. पण मला अण्णांच्या बोलण्यावरून वाटतं…"

"वाटतं? त्यांचा निरोप आम्ही सगळ्यांनी कानांनी ऐकलाय. एकदम स्पष्ट. मी तुमच्या वाटण्यावर नव्वद माणसं अशा पावसात ओढ्यावरून कशी काढू? साकवाच्या पुलाला पाणी लागलंय."

प्रणिता थांबली. अण्णा हे सगळं ऐकत होते. कट्ट्यावर तीसेक लोक ऐकत होते, ज्यांच्यासमोर अण्णा आठ महिने सकाळी साडेसातला ताठ उभे होते. 'नको सांगू.' तिच्या मनगटाला ती पकड अजून जाणवत होती.

तिने बटण दाबलं.

"कदम साहेब, तो निरोप अण्णांचा नाही. यंत्राचा आहे. आजारपणात अण्णांची वाचा गेली. आठ महिने तुम्ही जे ऐकताय, त्यातला बराचसा आवाज मी हॉटस्पॉटमध्ये बसवलेल्या मशीनचा आहे. ते त्यांचं अर्धं बोलणं पुरं करतं. आज त्याने चुकीचं पुरं केलं. अण्णा डोंगर म्हणाले, त्याने दार केलं. ते ओरडत होते, त्याने 'सगळं ठीक' म्हटलं. ही लपवाछपवी माझी आहे. ओव्हर."

कुणी बटण दाबेना. शाळेची बॅटरी चोवीसवर आली होती.

"शेडगे," अखेर मुजावरांचा आवाज आला. तो बारीक झाला होता. "दोस्ता, खरंय हे?"

वीस सेकंद. पंचवीस. अण्णांच्या संचातून पावसाचा आवाज येत राहिला.

"ख… ख… खरं."

त्या एका शब्दाने कट्ट्यावरच्या प्रत्येकाला कळलं असावं. मुजावर खाकरले. पुन्हा बोलले ते जुन्या बिनतारी माणसासारखे, कोरडे आणि नेमके.

"शेडगे, आता बोलू नका. मी विचारतो. हो असेल तर बटण एकदा दाबून सोडा. नाही असेल तर दोनदा. डोंगराला भेग आहे?"

बटण दाबणाऱ्याचं नाव सगळ्यांच्या संचाच्या पडद्यावर उमटे; अण्णांचं नाव एकदा उजळलं.

"तुम्ही डोळ्यांनी बघितली?"

एकदा.

"भेग नाहीच आहे, मी चुकतोय, बरोबर?"

नाव उजळलं, विझलं, पुन्हा उजळलं. मुजावरांनी मुद्दाम उलटा प्रश्न घातला होता, आणि अण्णा फसले नव्हते.

"वीतभर रुंद?" दोनदा. "हातभर?" दोनदा. "माणूस आत उतरेल एवढी?" एकदा. "सकाळपासून वाढलीय?" एकदा.

"पुरे," कदम म्हणाले. "कोळेखिंड शाळा, ऐकताय का? गुरुजी?"

"हो साहेब, गावडे बोलतोय." गुरुजी म्हणाले. "मला परवाना नाही म्हणून मी नुसता ऐकत होतो. अण्णांचं 'सगळं ठीक' ऐकून मुलांना घरी सोडलं मी. ढग खाली आलेत, इथून डोंगर दिसतच नाही."

"परवान्याचं राहू दे. घंटा वाजवा. एकूण एक माणूस शाळेत. मी पथक तुमच्याकडे वळवतोय. रस्ता खचलाय, शेवटचं अंतर चालत येतील, दोन तास लागतील. त्यांच्यासाठी थांबायचं नाही."

*

पुढचा पाऊण तास प्रणिताने फक्त ऐकण्यात काढला. गावडे गुरुजी मधून मधून सांगत होते. साकवावर दोर बांधला. बारा घरं आली. पाटीत घालून म्हाताऱ्या आणल्या. एक जण गॅसची टाकी घेऊन निघालाय, त्याला शिव्या घातल्या. अण्णा घराघरांत जाऊन काठीने दारं ठोकत होते. तोंडाने बोलता येत नव्हतं म्हणून माणसांच्या दंडाला धरून बाहेर ओढत होते.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी गुरुजी बोलता बोलता थांबले. बटण दाबलेलंच राहिलं असावं. संचातून आधी एक घरघर आली, दूरवरून मालगाडी जावी तशी. मग झाडं मोडल्याचे कडकड आवाज, आणि त्यावर बायकांचा एकच आक्रोश.

"गेली," गुरुजी म्हणाले. "वरची आळी गेली. अण्णांचं घर… काही दिसत नाही तिथे. सपाट."

"माणसं!" कदम ओरडले. "आधी माणसं मोजा!"

शाळेत नव्वद माणसं निघाली. यादीत एक्क्याण्णव होती. अण्णा साकवाच्या दोराला धरून सगळ्यांत शेवटी आले होते. नव्हता तो सखाराम झोरे, मेंढरं-शेळ्या राखणारा, एकटा राहणारा.

"त्याचं घर गाडलं गेलंय," गुरुजी म्हणाले. "पोरं फावडी घेऊन निघालीत तिकडे. वरची माती अजून सुटतेय, पण ऐकत नाहीत. आणि ताई, अण्णा मधेच त्यांचे हात धरतायत, काहीतरी सांगतायत. सखारामला त्यांनी बघितलंय वाटतं. पण कळत नाही काही."

"संच त्यांच्याकडे द्या."

"स… सखा…" अण्णांचा श्वास चढला होता. "वि… विहीर… नाय. नाय! वर…"

मागे कुणी ओरडलं, "विहिरीत पडला! विहिरीकडे चला!" दुसरा म्हणाला, "वर म्हणतायत, वरच्या आळीत, घरातच आहे."

"ताई," गुरुजी घाईने म्हणाले, "ते मशीन चालू करा ना. ते स्पष्ट सांगेल. पोरं थांबत नाहीत."

तो चौकोन लॅपटॉपच्या पडद्यावर होता. पूरक: बंद. एकदा बोट टेकवलं, की खर्जातला, शांत, खणखणीत आवाज सांगेल, 'सखाराम घरात आहे.' किंवा 'विहिरीत पडला.' जे अकरा वर्षांत जास्त वेळा बोललं गेलं असेल ते. सगळे त्यावर विश्वास ठेवतील आणि फावडी घेऊन धावतील. बॅटरी अकरावर होती.

प्रणिताच्याही जिभेवर शब्द येत होते. वर म्हणजे वरचा गोठा? वरचं देऊळ? तिने दात आवळले.

"मशीन चालू होणार नाही," ती म्हणाली. "गुरुजी, पोरांना तिथेच थांबवा. अण्णांना कुणीही शब्द सुचवू नका. एकानेही नाही. ते सांगतील. अण्णा, आम्ही थांबलोय. ओव्हर."

पलीकडची गलबल हळूहळू विरली. नव्वद माणसं पावसात एका माणसाच्या तोंडाकडे बघत उभी आहेत, हे तिला न बघता दिसत होतं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत होता.

"वर," अण्णा म्हणाले. थांबले. "वि… नाय. पा… णी. पाणी. गो… गोल."

कुणीतरी तोंड उघडलं असावं; गुरुजींचं "शूः" ऐकू आलं.

"शे… शेळी. नेली. ट… टा… टाळ… नाय." मुठीने मांडीवर मारल्याचा आवाज आला. "टा… की. टाकी. जु… नी. टाकी."

"जुनी टाकी!" आता गुरुजीच ओरडले. "पाणीयोजनेची जुनी टाकी, पलीकडच्या उंच टेपावर! ती फुटकी आहे, शेळ्या पावसात तिथे शिरतात. ताई, ती घसरलेल्या बाजूला नाहीच आहे!"

पोरं टेपाकडे पळाली. बॅटरी सातवर असताना निरोप आला. टाकीची एक भिंत कलली होती, सखाराम तिच्याखाली पायाने अडकला होता, शुद्धीवर होता, आणि चार शेळ्या त्याच्या अंगाला अंग लावून उभ्या होत्या. तो घराकडे गेलेलाच नव्हता. आणि ज्या ठिकाणी पोरं खणायला निघाली होती, तिथे दहा मिनिटांनी दुसरी दरड आली.

बॅटरी चारवर असताना मुजावर म्हणाले, "शेडगे, निरोप पोहोचला." अण्णांनी उत्तर दिलं नाही. मग शाळेचा हॉटस्पॉट बंद पडला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मदतसाहित्याच्या जीपमधून प्रणिता खचलेल्या रस्त्यापर्यंत गेली आणि पुढे दीड तास चिखलातून चालली. सखारामला पहाटेच डोलीतून खाली नेलं होतं. पाय मोडला होता. समोरचा डोंगर लालभडक, सोललेला दिसत होता. अकरा घरं त्याखाली होती.

अण्णा शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते, अंगावर कुणाचा तरी सैल शर्ट. तिला बघून त्यांनी मान फिरवली.

ती शेजारी बसली. तिने आणलेला डबा उघडून ठेवला. त्यांनी हात लावला नाही. बायका येत होत्या, अण्णांच्या पाया पडत होत्या. ते कुणाकडेच बघत नव्हते.

"अण्णा," शेवटी ती म्हणाली, "रागावलात ना? तुम्ही नको म्हटलं होतं, आणि मी सगळ्यांसमोर सांगितलं."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ. डोळे लाल होते. राग होता त्यांत, आणि आणखीही काहीतरी होतं, ते तिला वाचता येईना. पूर्वी अशा वेळी ती काहीतरी बोलून टाकायची. ती गप्प राहिली.

त्यांचे ओठ हलले. "म…" ते म्हणाले. थांबले.

"ताई!" जीपमधून तिच्याबरोबर आलेला माणूस अंगणातून हाका मारत होता. "निघायला पाहिजे! ढग परत उतरतायत, अंधाराच्या आत गाडी गाठली नाही तर अडकाल इथंच!"

"तुम्ही व्हा पुढे," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"अहो, उद्यापर्यंत गाडी नाही!"

"नसू दे."

तो कुरकुरत निघून गेला. पावसाची सर आली, पत्रे वाजायला लागले. प्रणिताने बाकावर पाय वर घेतले आणि भिंतीला पाठ टेकली. अण्णा अजून पहिल्याच शब्दावर होते.